तीन बादल्या सोनं

बुद्धिमत्ता १६. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकात प्रौढ लाल ड्रॅगनच्या तक्त्यात हा आकडा छापलेला आहे. सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला त्याच पुस्तकात १० येतात. वय शंभरीच्या पुढे, आठशेपर्यंत कितीही. स्वभाव गर्विष्ठ, संशयी, हावरा. खजिन्यातली प्रत्येक वस्तू कुठून आली, तिची किंमत काय आणि ती नेमकी कुठे ठेवली आहे, हे त्याला तोंडपाठ. एक नाणं कमी झालं तरी त्याच्या लक्षात येतं, आणि चोर सापडला नाही तर आसपासची गावं बेचिराख झाल्याशिवाय तो थांबत नाही. बाहेरच्या जगातल्या बातम्यांची त्याला भारी भूक, विशेषतः दुसऱ्या लाल ड्रॅगनांच्या. कुणाचं किती वाढलं, कुणाचं नाक कापलं गेलं. त्यासाठी हेर आणि निरोपे पदरी ठेवलेले.

हे सगळं वाचून आमचे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डन्जन मास्टर, काय करतात? या प्राण्याला डोंगराच्या पोटातल्या शेवटच्या खोलीत नेऊन बसवतात. पाच वीर दार लाथाडून आत येतात. ड्रॅगन एकदा गर्जना करतो, एकदा जाळ काढतो आणि मग जमिनीवर चार पाय रोवून त्यांच्याशी कुस्ती खेळत बसतो. तीन राउंडांत खेळ खलास. टाळ्या, आरडाओरडा, कुणीतरी शेवटच्या वाराचं वर्णन पुन्हा सांगतो, पिझ्झा येतो.

पुण्यातल्या टेबलांवर हा ड्रॅगन असा इतक्यांदा मेलेला पाहिलाय की आता संताप येतो. पुस्तकातला राजा टेबलावर येईपर्यंत पंख लावलेला रेडा होतो. आणि याचा दोष एकट्या डीएमचा नाही. खेळणाऱ्यांना ड्रॅगन नकोच असतो. त्यांना हवी असते मिळकत.

आधी लढाईचा हिशेब मांडू, कारण या मंडळींना आकड्यांखेरीज काही पटत नाही. एक राउंड म्हणजे सहा सेकंद. प्रौढ लाल ड्रॅगन एका राउंडमध्ये ८० फूट उडतो. हल्ला न करता नुसतं निघून जायचं ठरवलं तर १६०. त्याचा जाळ ६० फुटांपर्यंत शंकूसारखा पसरतो. १८ डाइस टाकायचे, सरासरी ६३ डॅमेज, सेव्ह (म्हणजे बचावाचा डाइस) जमला तर निम्मं. एकदा जाळ काढला की पुन्हा कधी काढता येईल हे दर राउंडच्या सुरुवातीला एका डाइसवर ठरतं: पाच किंवा सहा पडले तर आला, नाही तर थांबा. म्हणजे सरासरी तीन राउंड, अठरा सेकंद. (तीनशे वर्षं जे तोंड वापरतोय ते कधी चालेल हे मालकालाच ठाऊक नाही, ही गंमत वेगळी. १९७४च्या मूळ पुस्तिकांत निदान दिवसाला तीनदा असा चोख हिशेब होता.)

आता सांगा, पंख असलेला आणि सोळाची बुद्धी असलेला जीव ते अठरा सेकंद कुठे घालवेल? वर. ढगात. तयारी झाली की झेप घेईल, जाळ टाकेल, पुन्हा वर. खालचा तलवारबहाद्दर आकाशाकडे बघून शिव्या घालत राहील. धनुष्यवाला असेल तर त्याचा लाँगबो १५० फुटांपर्यंत धड चालतो, ६०० पर्यंत कसाबसा. ड्रॅगन त्याच्याही वर जाईल. त्याला घाई कसली? तुमच्याकडचं पाणी संपेल, मशाली संपतील, झोप अनावर होईल. तो पुढच्या मंगळवारी येईल. नाही तर पुढच्या वर्षी येईल, तुम्ही नसताना, तुमच्या गावावर.

आमच्या टेबलावर मात्र तो उतरतो. कारण काय, तर फायटर खेळणारा तीन राउंड नुसता बसून राहिला की त्याचं तोंड वाकडं होतं. २५६ एचपी, म्हणजे हिट पॉइंट, असतात ड्रॅगनचे. सतराव्या लेव्हलचे पाच जण त्याला सगळीकडून घेरून ठोकायला लागले की ते किती टिकणार? शतकानुशतकं जगलेला, राज्यं बुडताना पाहिलेला प्राणी वीस सेकंदांच्या आत आडवा. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही हे कळत होतं. म्हणूनच त्यांनी त्याला दिवसातून तीनदा हरलेला सेव्ह जिंकल्याचं जाहीर करायची मुभा दिली आणि इतरांच्या पाळीनंतर शेपूट फिरवायचे तीन जादा डाव दिले. डोकं चालवता येत नसेल तर निदान कुबड्या तरी घ्या, असा तो प्रकार आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. लाल ड्रॅगन गर्विष्ठ असतो, रागीट असतो, म्हणून तो खाली उतरून लढतो. रागीट आहे, मान्य. पुस्तकात तसं लिहिलंय. पण गर्विष्ठ माणूस कधी जवळून पाहिलाय का? तो स्वतः रस्त्यावर येऊन गचांड्या धरतो? तो माणसं पाठवतो. भेटायला आलेल्याला बाहेर ताटकळत ठेवतो. समोर घेतलं तरी नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतो. आणि याचाही बंदोबस्त पुस्तकात आहे: लाल ड्रॅगन आसपासच्या दुष्ट टोळ्यांकडून निष्ठा वसूल करतो, नाही म्हणाले तर म्होरक्यांना मारून उरलेल्यांचा मालक होतो, आणि ती मंडळी दिवसरात्र त्याची हांजी हांजी करत असतात. अशी फौज पदरी असताना हा स्वतः दाराशी कुस्ती खेळेल? कुस्तीच हवी असेल तर त्याच पुस्तकात हिल जायंट आहे. बुद्धिमत्ता ५, हातात सोटा, १०५ एचपी, हाक मारली की येतो.

आता सोनं. चित्रात ड्रॅगन नेहमी सोन्याच्या डोंगरावर लोळत असतो. हा डोंगर नियमांत किती उंच आहे ते कुणी मोजत नाही, म्हणून मी मोजला. डीएमसाठीच्या २०१४च्या मार्गदर्शकात सगळ्यात मोठ्या खजिन्याचा तक्ता आहे: १२ डाइसची बेरीज गुणिले हजार सोन्याची नाणी, ८ डाइसची बेरीज गुणिले हजार प्लॅटिनमची. सरासरी ४२ हजार अधिक २८ हजार, एकूण ७० हजार नाणी. नियमाप्रमाणे पन्नास नाण्यांचा एक पौंड. म्हणजे १,४०० पौंड, सुमारे ६३५ किलो. वजन दणदणीत, पण सोनं आणि प्लॅटिनम हे भयंकर जड धातू. त्यांचं घनफळ सुट्या नाण्यांमधली पोकळी धरूनही पन्नास लिटरच्या आसपास भरतं. घरातल्या वीस लिटरच्या तीन बादल्या. त्यातली तिसरी जेमतेम अर्धी. आणि हा प्राणी नियमाने पंधरा फूट बाय पंधरा फूट जागा व्यापतो. तेवढ्या जागेत हे सोनं सारखं पसरलं तर थर येतो अडीच मिलिमीटरचा. एका नाण्याची जाडी. रत्नं, मूर्ती, जादूच्या वस्तू वेगळ्या धरल्या तरी गादी काही होत नाही. हा राजा फरशीवर झोपतोय.

एवढ्यासाठी आपण त्याला हावरा म्हणतो. आणि आपण कोण? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाहून हा खेळ बाजारात आणला, तेव्हा अनुभवगुण राक्षस मारून मिळत, त्याहून कितीतरी जास्त सोनं बाहेर काढून मिळत. ज्याने जास्त लुटलं तो जास्त शहाणा, हा नियमच होता. त्याच पुस्तिकांत ड्रॅगनला न मारता नुसतं बडवून नमवायची सोय होती. नमवलेला ड्रॅगन उघड्या बाजारात विकता यायचा. भाव त्याच्या प्रत्येक हिट पॉइंटमागे ५०० ते १,००० सुवर्णनाणी. बोलू शकणारा, जादू जाणणारा जीव दावणीला बांधून वजनावर विकायचा! ड्रॅगन आपल्या घरात आपल्या सोन्यावर पडलेला. आपण खेचरं, पोती आणि दोरखंड घेऊन डोंगर चढून त्याच्या दारात. आणि हावरा तो.

पन्नास वर्षांनी बाजार बदलला, ग्राहक तोच. आता कुणाला ड्रॅगन विकायचा नसतो, पाळायचा असतो. प्रत्येक कॅम्पेनमध्ये कुणाला ना कुणाला अंडं सापडायला हवं असतं. ते उबवायचं, पिल्लाला लाडाचं नाव ठेवायचं, खांद्यावर बसवून फिरायचं. लाल ड्रॅगनचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू पुस्तकाप्रमाणे बुद्धीने सरासरी माणसाच्या वर असतं. त्याच्या आईला भोसकून तुम्ही अंडं उचललंत हे त्याला कधी ना कधी कळणारच. पण हा प्रश्न विचारणारा डीएम मी पाहिलेला नाही. पिल्लू गोड दिसतं ना, झालं.

स्वभावाचं म्हणाल तर तो रंगावरून ठरतो. पांढरा थंडी सोडतो, काळा आम्ल, हिरवा विष, निळा वीज, लाल आग. हे पाचही जन्मजात दुष्ट. धातूंचे रंग असलेले जन्मजात सज्जन. सोनेरी ड्रॅगन आधीपासून होता. पितळी, कांस्य, तांब्याचा आणि चंदेरी हे १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले. आता प्रौढ सोनेरी ड्रॅगनचा तक्ता काढा. २५६ एचपी, लाल ड्रॅगनइतकेच. जाळ त्याच ६० फुटांच्या शंकूत. सरासरी डॅमेज ६६, म्हणजे लालपेक्षा तीनने जास्त! तीच आग, तेवढाच मोठा प्राणी, पण हा साधू आणि तो सैतान, कारण अंड्याचा रंग वेगळा. राक्षसांचा स्वभाव हवा तर बदला, असं पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय खरं. ते पान कोण वाचतं? जन्मावरून लायकी ठरवायची सवय आपल्याकडे काही आजची नाही. त्यामुळे या तक्त्यापुढे आमच्या टेबलावर कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही.

मुळात ज्या गोष्टींतून हा प्राणी उचलला त्या असं म्हणत नव्हत्या. नॉर्स कथेतला फाफ्निर जन्माने ड्रॅगन नव्हता. सोन्यासाठी त्याने बापाला मारलं, सोनं घेऊन रानात गेला, त्यावर पडून राहिला आणि त्याचा ड्रॅगन झाला. आपल्याकडेही पुरलेल्या धनावर भुजंग असतो, आणि बहुतेक वेळा तो घरातलाच कुणी चिकट म्हातारा निघतो, मेल्यावरही हंड्याला वेटोळं घालून बसलेला. दोन्हीकडे आधी हाव, मग साप. समोर बसलेल्या जनावराकडे बघून ‘हा आधी कोण होता?’ असं विचारावंसं वाटतं, आणि ऐकणारा आपले खिसे चाचपतो. खेळाने नेमकी हीच गोष्ट काढून टाकली. नावंही अशीच उचलली. तियामत ही बॅबिलोनच्या पुराणातली खाऱ्या समुद्राची आदिमाता, तिला पाच डोकी चिकटवून दुष्ट ड्रॅगनांची राणी केली. बहामूत हा अरबी विश्ववर्णनातला पृथ्वीखालचा अजस्र मासा, त्याला सज्जन ड्रॅगनांचा राजा केला.

टोल्किनचं ‘द हॉबिट’ १९३७चं. ड्रॅगन चालवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलेलं असतं, निदान तसं तो सांगतो. त्यात तेरा बुटके आणि एक हॉबिट एवढा लांबचा प्रवास करून डोंगरापाशी पोचतात, आणि यांतला एकही जण स्मॉगला मारत नाही. हॉबिट एक पेला चोरतो, स्मॉगला ते कळतं, मग दोघांचं बोलणं होतं. पुस्तकाचा जीव त्या बोलण्यात आहे. मारतो तो तिसराच, तळ्यावरच्या गावचा बार्ड नावाचा तिरंदाज. आणि खरा घोळ ड्रॅगन मेल्यावर सुरू होतो, सोन्यासाठी सैन्यं गोळा होतात तेव्हा. आमच्या मंडळींनी यातून घेतलं काय? गुहा, सोनं, जाळ.

हे जमतच नाही असं नाही. २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’ या कॉम्प्युटर गेममध्ये फिरक्राग नावाचा लाल ड्रॅगन आहे. एक सरदार तुम्हाला गुत्त्यात गाठतो, माझ्या जहागिरीत राक्षस माजलेत म्हणतो, सुपारी देतो. तुम्ही जाता, कापाकापी करता, आणि शेवटच्या वारानंतर मायेचा पडदा उठतो: कापलेले राक्षस नव्हते, धर्मयोद्धे होते. सरदार म्हणजेच फिरक्राग. तुमच्या पालक बापाने कधीकाळी त्याच्या कामात खोडा घातला होता, त्याचा सूड त्याने तुमच्याच हातून घेतला. पुढे तो त्याच्या गुहेत तुम्हाला भेटतो आणि शांतपणे सगळं सांगतो. जाळ काढत नाही. गरजच काय? तुमचं नाव तर मातीत गेलेलं आहे. हवं तर तुम्ही तिथून परत फिरू शकता. किती जण फिरतात? त्याच्यापाशी कार्सोमिर नावाची दोनहाती तलवार आहे ना! सूड, अब्रू, मेलेले योद्धे, सगळं एका क्षणात विसरून लोक त्या तलवारीसाठी त्याच्यावर तुटून पडतात.

‘स्कायरिम’ (२०११) हा गेम तर वाया घालवलेली संधी. तिथे ड्रॅगनचा जाळ म्हणजे त्यांच्या भाषेतले उच्चारलेले शब्द. दोन ड्रॅगन एकमेकांवर आग ओकतात तेव्हा ते वाद घालत असतात. इतकी उमदी कल्पना, आणि खेळात ते दर चार मैलांवर येतात, मरतात, हाडं विकायला उपयोगी पडतात.

थेम्बरशॉद हा माझा आवडता ड्रॅगन. २०१५च्या ‘आउट ऑफ द अबिस’ या साहसात तो जमिनीखालच्या ग्रॅकलस्टूग शहरात राहतो. करड्या बुटक्यांच्या भट्ट्या त्याच्या आगीवर चालतात. बदल्यात पुजाऱ्यांचा एक पंथ त्याला खाऊपिऊ घालतो, त्याची स्तुती करतो, आणि गुपचूप एक अंडं जपून ठेवतो, हा डोईजड झाला की बदलायला. त्यालाही याची कुणकुण आहे. खाऊन खाऊन सुजलेला, तरी रात्री धड झोप नाही. सत्ता म्हणजे काय आणि ती कुणाच्या हातात असते, हे एवढ्या थोडक्यात मला दुसऱ्या कुठल्या ड्रॅगनमध्ये दिसलेलं नाही. याच खेळावरच्या २०२३च्या सिनेमात तो आला, गडगडत पळाला. थिएटरात लोक खो खो हसले. जाडा ड्रॅगन! तो जाडा का झाला, हे विचारायला सिनेमालाही सवड नव्हती.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं त्या गावकऱ्यांकडे कोण बघतं? लाल ड्रॅगनच्या बिऱ्हाडाभोवती सहा मैलांत जमीन हादरत राहते, असं नियमात लिहिलंय. मैलाभरातलं पाणी कोमट होतं, त्याला गंधकाचा वास येतो. तो मेला की दहा दिवसांच्या आत हे विरून जातं. विचार करा, त्या मैलाच्या आतल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी गार पाणी प्यायलेलं नाही. भिंती तडकलेल्या. त्यांना ड्रॅगनचे पहारेकरी कोण, त्यांतला पैसे खाणारा कोण, ड्रॅगन कधी झोपतो, कुणावर चिडलाय, सगळं माहीत असणार. पण आमचे वीर गावात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला: “हीलिंग पोशन कुठे मिळेल?”

गेल्या कॅम्पेनला मी ठरवून ड्रॅगनला वीरांशी लढायला उतरवलंच नाही. सहाशे वर्षांची लाल मादी, डोंगरात. गावाकडून दर सुगीला वसुली, ती न्यायला तिचे चाकर कोबोल्ड येणार, पावती देणार. आमचे पाच जण पहिल्या दिवसापासून चढाईच्या तयारीत. आगीपासून वाचायची औषधं घेतली, योजना झाली. वर पोचले तर दारावरच्या कोबोल्डाने सांगितलं, बाईसाहेब आज भेटत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आत घेतलं, आणि तिने पहिलं काय विचारलं, तर दक्षिणेकडच्या ज्वालामुखीत राहणारा तो दुसरा लाल अजून जिवंत आहे का, आणि लोक त्याच्याबद्दल काय बोलतात.

फायटर खेळणारा मला म्हणाला, “अरे, हे अनफेअर आहे. आम्ही तयारी केली, आणि ही गप्पा मारतेय. इनिशिएटिव्ह टाकून लढाई कधी सुरू करायची?”

“टाक की,” मी म्हटलं. “ती छताला आहे. छत दोनशे फुटांवर.”

तो गप्प बसला. चोर खेळणाऱ्या मुलीचं मात्र डोकं चाललं. तिने थाप ठोकली: दक्षिणेकडचा म्हणतो की उत्तरेची म्हातारी झाली, दात पडले, आता कोबोल्डांच्या दयेवर जगते. मी डाइस टाकला. थाप पचली. त्या रात्री ती दक्षिणेकडे निघाली, डोंगर रिकामा झाला. तलवार कुणाचीही म्यानाबाहेर आली नाही आणि त्या सेशनला टेबलावर जो गलका झाला तो मी कुठल्याही शेवटच्या वाराला ऐकलेला नाही. ड्रॅगन जिंकून येईल की मरेल हे अजून कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी गावचे चार म्हातारे आमच्या वीरांकडे आले. सुगी तोंडावर आली आहे, दरवर्षीचं धान्य आणि चांदी बाजूला काढून ठेवली आहे, कोबोल्ड तर दिसत नाहीत. आता हे द्यायचं कुणाला?

पॅलडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळणाऱ्याने कॅरेक्टर शीटवरून मान वर न करता सांगितलं, “आमच्याकडे जमा करा.”